प्लास्टिकला दिलेला शेक

रॉकेल आता कुठं दिसत नाही. रेशनची रांग गेली, स्टो गेला, आणि त्यांच्याबरोबर तो वासही गेला. माझ्या नाकात मात्र तो अजून आहे. रॉकेलमध्ये पांढरी खडूची पूड कालवायची, चिंधीचा बोळा त्यात बुडवायचा आणि टोचलेल्या कागदावरून हलक्या हातानं फिरवायचा. कागद उचलला की खाली कापडावर ठिपक्याठिपक्यांची वेल उमटलेली असायची. त्या कागदाला खाका म्हणायचे. मिरजेत गुलाब वस्तादांच्या कारखान्यात माझा दिवस त्या वासानं सुरू व्हायचा.

कारखाना म्हणजे मोठं काही डोळ्यांपुढं आणू नका. कौलारू घराची पुढची एक खोली. खाली चटया, चटयांवर चार अड्डे. अड्डा म्हणजे खाटेएवढी लाकडी चौकट, गुडघाभर उंचीवर टेकवलेली. तिच्यावर कापड ढोलकीसारखं ताणून बांधायचं आणि भोवती मांडी घालून बसायचं. वरच्या हातात आरी, म्हणजे टोकाला आकडा असलेली सुई. खालच्या हातात दोरा. आरी कापडात शिरते, खालचा हात दोरा आकड्यात अडकवतो, आरी तो वर घेऊन येते. खालचा हात कुणाला दिसत नाही. वस्ताद म्हणायचे, "काम सगळं खालच्या हाताचं आसतंय, नाव वरचा हात घिऊन जातोय."

शेजारी सतारी करणाऱ्यांचं घर होतं. त्यांच्या पत्र्यावर भोपळे वाळत पडलेले असायचे, ओळीनं, पोटं वर करून. भिंतीपलीकडं कुणीतरी एकच तार दिवसभर पिळत बसायचं. तार चढत चढत जायची आणि आमचे हात आपोआप तिच्याबरोबर भरभर चालायचे. मग ती पट्‌दिशी तुटायची, आणि आमच्यातला एकजण तरी टोचून घ्यायचा. उन्हाळ्यात हाताला घाम सुटायचा म्हणून शंखजिऱ्याची पूड लावून बसायचो. पावसाळ्यात जरीची तार काळी पडू नये म्हणून तिची रिळं तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलेली. थंडीत मागच्या अंगणात खळ शिजायची, मैद्याची, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घातलेली, आणि तिचा तो आंबूस-गोड वास सुटला की पोटात उगीच भूक हलायची. मी चौथी पास. शाळेनं मला फळा दिला, वस्तादांनी हात दिला. माझ्या लेखी शाळा तीच.

हे सगळं मी साठ वर्षं बोललो नाही. घरच्यांना एवढंच ठाऊक, की म्हातारा कधीकाळी मिरजेला होता.

माझी नात ऋतुजा पुण्यात कपड्यांचं डिझाइन शिकते. दिवाळीला साताऱ्याला आली तेव्हा कॉलेजचा अभ्यास घेऊन बसली होती. म्हणाली, "आजोबा, इकडे या. तुमच्या कामातलं आहे." जाऊन बघितलं. तिनं वाचून सांगितलं, की मी मिरजेला होतो त्याच काळात फ्रान्समधल्या मोठमोठ्या शिंप्यांनी रेशीम-मखमल बाजूला सारली आणि प्लास्टिक, नायलॉन, ॲल्युमिनियमच्या चकत्या असलं काहीबाही कपड्यावर चढवायला घेतलं. माणूस चंद्राकडं निघाला होता, तेव्हा त्यांना कापडही नवं पाहिजे होतं.

"सगळं नवं, पण भरतकाम मात्र हातानंच," ती म्हणाली. "मशीनला ते जमेना."

फोटोत पांढऱ्या जाळीचा एक झगा होता. बिनबाह्यांचा, गुडघ्याच्या वर संपणारा, आणि त्याच्यावर पारदर्शक प्लास्टिकच्या टिकल्या, माशाच्या खवल्यासारख्या एकीवर एक. सपाट. एकूण एक टिकली सपाट. मी बराच वेळ बघत राहिलो.

"काय झालं?" नातीनं विचारलं.

"कायी न्हाई. चांगलं काम हाय," म्हटलं, आणि बाहेर जाऊन पायरीवर बसलो.

तो झगा माझ्या हातचा नव्हे. माझ्या हातचा त्याच जातीचा होता, पण त्याच्या टिकल्या सपाट राहिल्या नव्हत्या. त्यापायी वस्तादांचा कारखाना बुडाला, आणि बुडवणारा मी, हे ओझं मी बायकोलाही दाखवलं नव्हतं. ती जायला टेकली, तरी सांगितलं नाही.

मुंबईच्या एका शेठकडनं ते पार्सल आलं होतं. वस्तादांना वाचता येत नव्हतं. त्यांची मुलगी जुबेदा सातवी शिकलेली, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. आम्ही तिला आक्का म्हणायचो. घरातलं टपाल तीच वाचायची आणि तीच लिहायची. तिनं चिठ्ठी वाचली, की माल पॅरिसला जायचा आहे, खाक्याप्रमाणं झग्याचे दोन पाट भरून द्या, पुढचा एक आणि मागचा एक. पार्सल उघडलं. आत मच्छरदाणीपेक्षा बारीक नायलॉनची जाळी, आणि डबाभर प्लास्टिकच्या चकत्या, रुपयाएवढ्या, काचेसारख्या आरपार.

आमच्यात मारुती म्हणून एक होता, जिभेला हाड नसलेला. त्यानं एक चकती डोळ्याला लावली. "वस्ताद, बरण्यांची झाकनं धाडल्यात. बरण्या मागनं येनार का?"

"तुझ्या तोंडाला एखादं बसतंय का बघ," वस्ताद म्हणाले.

दोरा म्हणून तर चक्क तंगूस निघाला, कृष्णेत मासे धरायला लावतात तो. मारुती म्हणाला, "गळ पन पायजे व्हता. सांजच्या कालवनाची सोय झाली आसती."

वस्ताद हसले नाहीत. त्यांनी खाका उजेडात धरला. त्यात वेल नव्हती, मोर नव्हता, कोयरी नव्हती. नुसते गोल. "ह्यात फूल कुठं हाय?" त्यांनी विचारलं. कुणालाच दिसलं नाही. मग म्हणाले, "तिथल्या बायांना फूल नको आसंल, तर आपन कोन सांगनार."

तीन दिवस ते त्या चकत्या घेऊन बसले. एक पाण्यात घालून बघितली. एक उन्हात ठेवली. एक दातानं चावली, एक वहाणेखाली घासली. नवरीची परीक्षा घेतली नसेल एवढी त्या प्लास्टिकची घेतली. विस्तवाजवळ मात्र नेली नाही. ते कुणाच्याच डोक्यात आलं नाही, त्यांच्याही नाही.

तंगुसानं पहिल्या आठवड्यात रडवलं. आरीचं काम साखळीचं. शेवटचा टाका अडकवला नाही, तर ओढल्यासरशी आख्खी ओळ उसवते. सुती दोरा गाठ धरतो, तंगूस कुणाचं ऐकत नाही. संध्याकाळी भरलेली ओळ सकाळी चटईवर सांडलेली असायची. जरीच्या टिकल्या पडल्या तर किणकिण वाजतात. ह्या नुसत्या टपटप पडायच्या, पानावरनं पाणी गळाल्यासारख्या. वस्तादांनी शेवटी गाठ शोधून काढली, मागं दोनदा फिरवून टिकलीच्या भोकातच दडवायची. ती गाठ मला अजून येते. हाताला आठवते, मला सांगता येत नाही.

पाट भरत आले तशी खोली बदलली. सकाळी दारातनं ऊन आलं, की टिकल्यांवर आपटून कौलांखाली जायचं आणि आढ्यावर उजेडाचे गोल गोल कवडसे हलायचे. अड्ड्याला धक्का लागला तर सगळं छप्पर हललं असं वाटायचं. भिंतीपलीकडची तार चढत जायची, वर उजेड थरथरायचा, आणि मारुतीसुद्धा गप असायचा. मी आयुष्यात बरंच भरतकाम केलं, पण आपल्या हातानं उजेड भरतोय असं तेवढ्याच दिवसांत वाटलं.

आता शेक सांगितला पाहिजे. आमच्यात रीत अशी, की काम पुरं झालं की कापडाला मागनं खळ लावायची आणि अड्ड्याखालनं निखाऱ्याची शेगडी हळूहळू फिरवायची. दोरे बसतात, कापड ताठ होतं, माल चार पिढ्या टिकतो. शेक दिल्याशिवाय कापड अड्ड्यावरनं उतरवायचं नाही. मखमल असो, रेशीम असो, दर्ग्यावर चढवायचा गिलाफ असो, शेक चुकला नाही.

त्या दिवशी शुक्रवार होता. वस्ताद नमाजला निघाले. जाताना म्हणाले, "मी येईस्तवर अड्ड्याला हात लावू नगा."

मी विशीतला. हातात कला आली की डोक्यात वारं येतं. म्हटलं, शेक द्यायला वस्ताद कशाला लागतो? जाळीला खळ लागणार नव्हती, ते मला कळलं, पण शेक चुकवायचा कसा? मी शेगडी पेटवली, निखारे नीट फुलवले आणि पुढच्या पाटाखाली सरकवली.

आधी एक टिकली हलली, अंगावर मुंगी चढल्यासारखी. मग शेजारची. मग तळणीतल्या पापडासारखी सगळी ओळ कडांनी वर उचलत गेली. मी शेगडी ओढली, पण तोवर पाट संपला होता. सपाट चकत्यांच्या वाट्या झाल्या होत्या. खोलीत जळक्या कंगव्यासारखा वास भरला.

वस्ताद आले. डोक्यावरची टोपी तशीच. पाटाभोवती एक फेरी मारली.

"मी काय सांगून गेलो व्हतो?"

"शेक दिल्याबिगर कापड उतरवत न्हाईत," मी म्हटलं. मान खाली घालायला पाहिजे होती, घातली नाही. "तुमीच शिकवलंय."

त्यांनी टोपी काढून खुंटीला लावली. "व्हय," म्हणाले. "मीच शिकवलंय."

जादा चकत्या नव्हत्या, आणि माल दोन दिवसांत निघायचा होता. वस्ताद मांडी घालून बसले. मग म्हणाले, "मारुती, शेगडी हिकडं आन."

"दुसऱ्याला पन?"

"पुढनं वाटी आन मागनं ताट, आसली बाई कुठं बघितलीस का?"

मागच्या पाटाला त्यांनी स्वतः शेक दिला. निखारे मोजून. एकेक ओळ वाकत गेली आणि ते डोळ्याची पापणी न लववता बघत राहिले. दोन्ही पाट मलमलमध्ये गुंडाळून गेले. वस्ताद मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मग शेठकडनं काही येईना. पोस्टमन सायकलवरनं पुढं निघून जायचा. शेठच्या पुढच्या मोठ्या कामासाठी मोकळे ठेवलेले दोन अड्डे भिंतीला टेकवून उभे होते. दसरा गेला. एका सकाळी मी माझी आरी खिशात घातली आणि कुणाला न सांगता साताऱ्याची गाडी धरली. पुढं दोन वर्षांनी औंधच्या जत्रेत मारुती भेटला. म्हणाला, "मुंबईचं काम तुटलं ते तुटलंच गड्या. तुझा शेक लय लांबवर लागला." एवढंच म्हणाला आणि पाळण्यात बसायला गेला. मी ते वाक्य घरी घेऊन आलो.

साताऱ्यात मी बँडवाल्यांचे डगले भरले. लाल मखमल, खांद्यावर झालर, छातीवर जरीच्या वेली. बैलांच्या झुली केल्या. लग्नसराईत रस्त्यानं बँड चालला की छात्या माझ्या असायच्या. लोक मान द्यायचे आणि मी तो घ्यायचो. पण प्लास्टिकच्या टिकलीला हात लावला नाही. पुढं सगळा बाजार तिनं भरला, तरी नाही. गिऱ्हाइकं म्हणायची, म्हातारा हट्टी आहे. असू दे म्हटलं.

नातीच्या फोटोतल्या त्या सपाट टिकल्यांनी मात्र मला बसू दिलं नाही. दिवाळीनंतर एक दिवस मी एकटाच मिरजेच्या गाडीत बसलो. मुलगा म्हणाला, सोबत येतो. म्हटलं, मला कुणी धरून न्यायला लागत नाही.

गल्ली सापडली. कौलं गेली होती. पुढच्या खोलीत मोबाईलचं दुकान होतं, काचेत झगझगीत प्लास्टिकची कव्हरं टांगलेली. मागच्या बाजूला एक बाई कॉटवर बसून मेथी निवडत होती. केस पांढरे, चष्मा जाड. माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाली, "शेकवाला न्हवं तू?"

"जुबेदाक्का, साठ वर्षांत मी दुसरं कायी नाव केलं न्हाई व्हय?"

"मला काय म्हाईत? तू सांगायला आलास कुठं? बस."

बसलो. वाटेत वाक्य तयार करून आणलं होतं. कराडपासून घोकत होतो. ते म्हटलं. "आक्का, तुमचा कारखाना माझ्यामुळं बुडाला. ते सांगायला आलोय."

तिचा मेथीचा हात थांबला. "कवा बुडाला?"

"मंजे?"

"आमाला कुनी सांगितलं न्हाई. अब्बा डोळं जाईस्तवर काम करत व्हते. पंचवीस वर्षं. शालूचे पदर केले, गिलाफ केले, माझ्या दोन्ही पोरींचं लग्नाचं कापड त्यांनीच भरलं. बुडाला म्हनं."

"मग मुंबईचं काम?"

"ते अब्बांनीच नको म्हटलं."

मला कळेना. ती पुन्हा मेथी निवडायला लागली, आणि एकेक काडी बाजूला टाकत सांगत गेली. मी गेल्यावर आठच दिवसांत शेठचं पत्र आलं होतं. पत्र तिनं वाचलं होतं, उत्तर तिनं लिहिलं होतं. शेठनं कळवलं होतं, की माल तिकडं पास झाला. टिकल्या वाकवलेल्या आहेत त्या तिथल्या बाईंना पसंत पडल्या. आणखी बारा पाट करा, पण सगळ्या टिकल्या तशाच वाटीसारख्या करून द्या.

"मग?"

"अब्बांनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हनले, लिव. आमच्याकडनं व्हनार न्हाई. मी म्हटलं, आवं अब्बा, काम चांगलं हाय. तर म्हनले, चूक एकदा झाली ती झाली. आता मुद्दाम बारा येळा चूक कर म्हनून मला कुनी सांगायचं न्हाई."

"आन मारुती तर म्हनला, काम तुटलं?"

"मारुतीला त्यांनी सांगितलं न्हाई," ती म्हणाली. "त्याला सांगितलं आसतं तर आख्ख्या मिरजेत झालं आसतं. त्याला वाटलं काम तुटलं. वाटू दे म्हनले."

"ते पत्र हाय का?"

"पुरात गेलं. कपाट गेलं, शिलाईचं मशीन गेलं, अब्बांची आरी गेली. पत्राचं काय घिऊन बसलास. माझ्यावर भरवसा न्हाई?"

"हाय."

"मग."

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं सांगू? आनंद नव्हे. राग आला. आख्खं आयुष्य एक दगड उरावर घेऊन फिरलो, आणि तो दगड कुणी ठेवलेलाच नव्हता. "मला कुनीच कसं सांगितलं न्हाई?" म्हटलं, आणि माझा आवाज चढला.

"कुठं सांगायचं?" तिचाही चढला. "पत्ता ठिवून गेला व्हतास? सातारा का सोलापूर, आमाला काय स्वप्न पडनार? चोरासारखा पळालास आन आता इथं डोळं वटारतोस?"

खरं होतं. मी आवाज खाली आणला. विचारलं, "वस्ताद रागावले व्हते?"

"लय."

"शेकासाठी?"

"शेकाचं काय? न सांगता गेलास म्हनून. तुझी जागा चार दिस मोकळी ठिवली. कुनी बसाय लागलं की म्हनायचे, तिथं न्हाई, तो येईल. पाचव्या दिशी म्हनले, मारुती, सरक तिकडं."

एवढं बोलून ती उठली आणि आत गेली. मी मेथीच्या जुड्या बघत बसलो. पुढं दुकानात कुणीतरी फोनला कव्हर चढवून घेत होतं. पलीकडच्या घरातनं तारेचा आवाज येईल म्हणून कान दिला, पण आला नाही. रॉकेल नव्हतं, खळ नव्हती, आढ्याला कौलं नव्हती. अंगणात आता फरशी होती, पाय पोळेल अशी. तरी मला काही गेल्यासारखं वाटलं नाही. चार दिवस मोकळी ठेवलेली जागा मला एवढी पुरली, की दुसरं काही मागायला सुचेना.

तिनं भाकरी आणि मेथीची भाजी आणली. म्हणाली, "खा. आन फोन नंबर दिऊन जा. न्हाईतर परत साठ वर्षं."

"आता कुठली साठ," म्हटलं.

"मंग साठ दिसांनी ये."

दुपारची पुण्याला जाणारी गाडी मिळाली, खिडकीची जागा. उसाचे ट्रॅक्टर मागं पडत होते. इस्लामपूर ओळखलं, कराडचा पूल ओळखला, त्यापुढचं काही आठवत नाही.

कंडक्टरनं खांदा हलवला तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. "आजोबा, सातारला उतरायचं व्हतं न्हवं तुमाला?"

"व्हय. आलं का?"

"आलं आन गेलं. स्टँडवर मी वरडत व्हतो, तुमी घोरत व्हता. हे भुईंज हाय."

एरवी मी त्याला सोडला नसता. स्टँडवर उठवायचं काम कुणाचं, हे त्याला आख्ख्या गाडीसमोर विचारलं असतं. आज म्हटलं, "आसू दे रं," आणि उतरलो. फाट्यावर बाकडं होतं, त्यावर बसलो. मुलाचा फोन आला. कुठं आहात, म्हणाला. म्हटलं, झोप लागली. तो म्हणाला, तुम्हाला? गाडीत? घरी तर रात्र रात्र जागे असता.

साताऱ्याकडं जाणारी गाडी आली. मी हात केला नाही. अंगात अजून झोपेची ऊब होती, आणि मागनं दुसरी गाडी येणारच होती.